येणाऱ्या जिवाचं नाव

प्रिय दीपू,

रोज फोनवर बोलतो, आणि आप्पा हे पत्र कशाला लिहीत बसले, असं तुला वाटेल. पहिल्यांदा सांगतो, कुणी आजारी नाही, घाबरू नकोस. फोन तुझ्या आईच्या हातात असतो. ती आवाज मोठा करून तो मध्ये ठेवते आणि आपण तिघं बोलतो. एकट्या आप्पाशी तू शेवटचं कधी बोललीस, आठवतं का बघ. मलाही आठवत नाही. म्हणून आज दुपारी वाचनालयात जातो असं सांगून निघालो आणि इथं, वर्तमानपत्रं चाळणाऱ्या माझ्यासारख्याच रिटायर लोकांत बसून हे लिहितोय. पत्र वृषभरावांच्या ऑफिसच्या पत्त्यावर टाकणार आहे. त्यांनी ते तुला घरी आणून द्यावं आणि वाचून झाल्यावर इकडं त्याचा विषय काढू नये, एवढं माझ्या वतीनं सांग.

आईची खुशाली विचारशील, तर ती बरी आहे. खरं म्हणजे इतकी बरी मी तिला गेल्या आठ वर्षांत पाहिली नाही. मागची खोली रंगवून घेतली. रंग तिनंच निवडला, फिकट पिवळा. गणपत गल्लीतून डिंक, हळीव, खारीक आणून डबे भरून ठेवलेत. जुन्या सुती साड्यांची दुपटी शिवायला अंबुबाईला बसवलं आणि स्वतः शेजारी बसून सुईत दोरा ओवून दिला. दसरा झाला की तुला आणायला म्हैसूरला यायचं, हे ती दिवसातून एकदा तरी बोलते. अनगोळातल्या आपल्या गल्लीत असं एक घर नसेल जिथं तुझ्या बाळंतपणाची वर्दी गेली नाही. भाजी घेताना ती हसते, भाजीवाल्या मष्णूशी भाव करून भांडते. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, ह्या घराला आता काही कमी नाही.

तुझी आक्का गेली तेव्हाची आई तुला आठवत असेल. चंदना एकोणीस वर्षांची, ताप आला म्हणून दवाखान्यात नेली आणि परत आणली ती तशी. त्यानंतर कित्येक महिने आई, माझी त्रिशला, भिंतीकडं तोंड करून पडून होती. तू पीयूसीला होतीस. सकाळी भात-आमटी करून, तिच्या उशाशी ताट झाकून कॉलेजला जायचीस, आणि संध्याकाळी ते ताट तसंच उचलायचीस. मी शाळेत शिकवायला जात होतो. घरात बसवत नव्हतं म्हणून जात होतो. आज्जांनी निपाणीहून येऊन तिला जैन बस्तीत दर्शनाला न्यायचा प्रयत्न केला, तिनं पाय उंबऱ्याबाहेर टाकला नाही. तिला पहिल्यांदा उठवून बसवलं ते फिलोमिनाबाईंनी, हे मी कधी विसरणार नाही. पुढं जे सांगणार आहे ते वाचताना तूही विसरू नकोस.

फिलोमिनाबाई म्हणजे त्याच दवाखान्यातल्या मोठ्या सिस्टर. चंदनाच्या शेवटच्या दिवसांत आईचा हात धरून बसायच्या. रिटायर झाल्यावर कॅम्पातल्या आपल्या घरी असतात. त्यांचे यजमान बोटीवर होते, त्यांनी ब्राझीलमधून एक मत घरी आणलं. फ्रान्समध्ये दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी निघालेलं, आणि ब्राझीलमध्ये लाखो लोक मानतात असं. गेलेल्यांच्या आत्म्यांशी बोलता येतं, असं मानणारे हे लोक. आपल्याकडं प्लँचेट म्हणतात त्याच घराण्यातलं. दर गुरुवारी संध्याकाळी त्यांच्याकडं पाच-सहा माणसं प्रार्थना करून टेबलाभोवती बसतात. पैसे घेत नाहीत, अंगारा नाही, लिंबू-मिरची नाही. तुझी आई तिथं जाऊ लागली आणि हळूहळू घरात पुन्हा फोडणीचा वास यायला लागला. त्या वासासाठी मी कुठल्याही देवाला हात जोडले असते, म्हणून मी काही विचारलं नाही. तुलाही तेव्हा एवढंच सांगितलं की आई प्रार्थनेला जाते.

तिथं काय चालतं हे बघायला मी गेलो तो भांडायलाच. तुला माहीत आहे, तीस वर्षांहून जास्त मी कॅम्पातल्या शाळेत जीवशास्त्र शिकवलं. माणसाच्या उत्क्रांतीचा धडा आला की दरवर्षी वर्गात तोच प्रश्न. सर, आमचे फादर म्हणतात देवानं मातीचा माणूस केला. सर, आमची आजी म्हणते ब्रह्मदेवानं केला. तुम्ही म्हणता माकडासारख्या पूर्वजापासून झाला. मग पेपरात काय लिहायचं? मी सांगायचो, पेपरात पुस्तकातलं लिहा. रिटायर व्हायच्या आदल्या वर्षी दोन पालक एकाच दिवशी तक्रार घेऊन आले. एक चर्चमध्ये गाणारे, दुसरे कपाळाला ठसठशीत गंध लावलेले. एरवी एकमेकांना ओळख दाखवली नसती त्यांनी, पण हेडमास्तरांच्या खोलीबाहेर एकाच बाकावर बसले होते आणि माझ्याविरुद्ध दोघांचं एकमत होतं. हेडमास्तर भला माणूस. म्हणाले, सर, व्याख्या तेवढ्या द्या, चित्र नको. मी व्याख्या दिल्या आणि उत्क्रांतीच्या चित्रांचा तक्ता गुंडाळून घरी आणला. आणि घरी आज्जांचं तिसरंच. त्यांच्या लेखी जग कुणी केलंच नाही. ते होतं, आहे, राहणार. जीव अनादि, आणि तो आपल्या कर्मानं मुंगीपासून माणसापर्यंत फिरत राहतो. मातीचा माणूस त्यांना पोरखेळ वाटतो आणि माझा तक्ता अर्धवट.

तो तक्ता घेऊनच मी फिलोमिनाबाईंकडं गेलो. वाटलं होतं, बाई बायबल काढतील. त्यांनी चष्मा लावला, वाकलेल्या माणसापासून ताठ माणसापर्यंत एकेकावर बोट ठेवून नीट बघितलं आणि म्हणाल्या, "हे सगळं खरं आहे, सर. घर असंच बांधलं गेलं, खालून वर, हळूहळू. पण घर बांधून झालं म्हणून त्यात कुणी राहतंय असं होत नाही. राहणारा वेगळा." देह निसर्गाच्या नियमानं प्राण्यातून वर आला, हे त्यांच्या मतात आहे. आत्मा देवानं केला, पण शहाणा करून पाठवला नाही. अगदी भोळा, अडाणी असा केला आणि जन्मामागून जन्म घेऊन शिकायला सोडला. आदम म्हणजे पहिला माणूस नव्हे. इथं माणसं आधीच होती. काही आत्मे दुसऱ्या एका जगात सुधारले नाहीत म्हणून तिथून काढून इथं पाठवले गेले, स्वर्गातून हाकलल्याची गोष्ट ती त्याची, असं त्या म्हणाल्या. मला हसू आलं. म्हटलं, बाई, ही गोष्ट आमच्या येळ्ळूरात सांगा, लगेच पटेल. न विचारता उचलून भलत्या राज्यात टाकलेली माणसं आम्हा सीमेवरच्यांना नवीन नाहीत. त्याही हसल्या. पण खरं सांगू का दीपू, त्या दिवशी मला फार बरं वाटलं. आयुष्यभर ज्या तक्त्यापायी मी सगळ्यांच्या तावडीत सापडलो होतो, तो न फाडता कुणीतरी माझ्या पोरीलाही जागा दिली होती. मग मीही गुरुवारी जायला लागलो.

तिथं शहापूरच्या जयाबाई येतात. त्यांच्या घरी पूर्वी माग होते, आता मुलगा दुकानात असतो. प्रार्थना झाली की त्यांच्या हातातली पेन्सिल कागदावर आपोआप चालायला लागते. त्या फसवतात असं मी म्हणणार नाही. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी मी जवळून पाहिलंय. यंदा हिवाळा सरता सरता एका गुरुवारी त्यांच्या हातून उतरलं, 'मी माझ्याच रक्तातनं परत येते.' खाली नाव नव्हतं. टेबलाभोवती चार घरची दुःखं बसली होती, कुणाचंही असू शकलं असतं. पण त्रिशलानं तो कागद उचलून छातीशी धरला. मीही रडलो. आणि पुढच्याच महिन्यात तुझा फोन आला, की तुला दिवस गेलेत.

फोन ठेवल्यावर तिनं पहिलं काय केलं सांगू? स्टूल घेतलं आणि चंदनाचा फोटो भिंतीवरून काढला. हार बाजूला केला, काच पुसली आणि फोटो कपाटात ठेवला. मी विचारलं तर म्हणाली, "यायला निघालेल्या माणसाला हार घालत न्हाईत." तेव्हापासून ती तुला फोनवर जे जे विचारते ते आठव. काय खावंसं वाटतं, कुठल्या कुशीवर झोपतेस, आंबट नको वाटतं का. तू सहज म्हणालीस, दह्यात कालवलेली शेंगाचटणी सारखी खावीशी वाटते, आणि इकडं तिनं माझ्याकडं असं बघितलं की मला मान खाली घालावी लागली. चंदना तीच चटणी वाटीनं खायची. आपल्या भागात कोण खात नाही, सांग! मी म्हटलं तसं. मग आणखी एक म्हणालो, मुलगा झाला तर? त्याचंही उत्तर तिच्याकडं होतं. जीव ना बाई ना बुवा, ते देहाचं. हे त्यांच्या मतात खरंच तसं आहे. मी कुठल्याही बाजूनं गेलो तरी ती आधीच तिथं येऊन उभी असते. मुलगी झाली तर ती चंदना, मुलगा झाला तर तो चंदना, बाळ शांत असलं तर तिच्यासारखं, रडकं असलं तर आठ वर्षं वाट बघून दमलेलं. ह्यातून बाहेर पडायला मला कुठं दार सापडत नाही, आणि मी रोज त्याच घरात सकाळी उठतो.

पाडव्याला आम्ही निपाणीला गेलो, तेव्हा तिनं आज्जांपाशी हे बोलून दाखवलं. आज्जा शेतातल्या घराच्या सोप्यात बसले होते. त्यांना वाटलं असेल की सुनेची भ्रांत आपण समजूत घालून दूर करू. ते म्हणाले, "त्रिशला, गेलेला जीव वाट बघत बसत न्हाय. एक कुडी सुटली की तवाच दुसरी. चंदना कवाच जन्माला आली बाळ. कुठंतरी आठ वर्साची झाली असंल, शाळंला जात असंल." त्यांच्या धर्मानं ते बरोबरच बोलले, आणि त्यांच्या परीनं मायेनंही. त्रिशला उठून आत गेली, आपलं सामान बांधलं आणि मला म्हणाली, चला. त्यानंतर तिनं आज्जांचं नाव काढलेलं नाही. मी मात्र तेव्हापासून शाळा सुटायच्या वेळेला रस्त्यावर असलो की आठ-आठ वर्षांच्या पोरींकडं बघतो. शास्त्राचा मास्तर मी. कुणाचीतरी पोरगी दप्तर सावरत जाते, आणि मी चष्मा पुसत उभा राहतो. तेव्हा आईला वेडी म्हणायला मी धजत नाही. दुःखाला जी वाट सापडली तिनं ते गेलं. तिला ही सापडली, मला ती.

शेवटी मी फिलोमिनाबाईंकडं गेलो, एकटा. म्हटलं, तुमचं ती ऐकेल, तुम्ही समजवा. त्या अंगणात पेरूच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसल्या होत्या. मलाही खुर्ची आणून दिली. मग सांगितलं, की त्यांनी आधीच समजावलंय. प्रत्येक कागद खरा मानायचा नसतो, कोण कुठं जन्मतो हे माणसानं ठरवायचं नसतं, आणि जन्मताना जीव मागचं सगळं विसरतो ती देवाची दया आहे, नाहीतर कुणालाच नव्यानं सुरू करता आलं नसतं. येणाऱ्या पोराला काही आठवून देऊ नका, म्हणून त्यांनी त्रिशलाचे हात धरले. त्यावर तुझी आई त्यांना म्हणाली, "बाई, तुमची मुलं जिवंत हाईत."  ती आता कॅम्पात जात नाही. गुरुवारी जयाबाईच आपल्याकडं येतात. मागच्या खोलीत, त्या पिवळ्या खोलीत बसतात.

त्या खोलीत चंदनाची खाट आलीय. तिचा मरून स्वेटर धुऊन, उन्हात घालून, घडी करून ठेवलाय. तिची पुस्तकं, ती सायकलच्या शर्यतीत मिळालेली पितळी ढाल, घुंगराची पट्टी. बाळासाठी आणलेल्या नव्या वस्तू तिथं फारशा नाहीत, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. चंदनाच्या डाव्या घोट्यावर स्कूटरच्या सायलेन्सरचा चटका बसला होता, त्याचा डाग बाळाच्या पायावर शोधायचा, हे त्रिशला एका गुरुवारी जयाबाईंना सांगत होती. मी पाणी द्यायला आत गेलो होतो. मग तिनं खोलीभर बघितलं, तुझं नाव घेतलं आणि समाधानानं म्हणाली, "घर तयार झालंय, आता राहणारी आली की झालं." दीपू, ती खोलीबद्दल बोलत नव्हती. तुझ्याबद्दल बोलत होती. ज्या बोलण्यानं मला पहिल्या दिवशी इतकं बरं वाटलं होतं, तेच बोलणं माझ्या जिवंत लेकीवर येऊन बसलं. शेजारच्या घरातून भांडी घासायचा आवाज येत होता, जयाबाई मान हलवत होत्या, आणि माझ्या हातातला तांब्या मला कुठं ठेवावा कळेना.

हे तिच्यापासून काढून घ्यावं, तर ती पुन्हा भिंतीकडं तोंड करून झोपेल, आणि ह्या वेळी उठणार नाही, हे मला दिसतं. राहू द्यावं, तर ज्या पोरानं अजून डोळेही उघडले नाहीत त्याच्यावर एकोणीस वर्षांचं एक आयुष्य आणि एक मरण लादलं जाईल. मी बरेच दिवस दोन्हीकडं बघत बसलो. तिसरं काही निघालं नाही.

म्हणून गेल्या आठवड्यात लाल बसनं चिकोडीला तुझ्या सासूबाईंकडं जाऊन आलो. त्रिशलाचं बीपी वाढलंय, असं खोटं सांगायचं मनात ठरवून गेलो होतो. लक्ष्मीबाईंनी चहा दिला, तुझ्या तब्येतीचं बोलल्या, आणि मला खोटं बोलता आलं नाही. सगळं सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं. शेवटी म्हणाल्या, "पाव्हणं, पयलं बाळातपण म्हायेरी न्हाय झालं तर लोक बोलतील. बोलू देत. मी म्हैसूरला जातो." तेव्हा आता लिहितो, कारण हे पत्र ह्यासाठीच आहे: बाळा, बाळंतपणाला इकडं येऊ नकोस. दसऱ्यानंतर आम्ही आणायला येणार, तेव्हा डॉक्टरांनी प्रवास नको सांगितलाय असं म्हण. मी आईला पुढं काय ते सांगेन, दोष माझ्यावर येईल, तो मी घेईन. तिला सोडून मला म्हैसूरला येता येणार नाही. बाळ मी कधी बघेन ते मला आज माहीत नाही. कुठलाही बाप लेकीला माहेर बंद करत नाही, आणि मी करतोय, ते का हे तुला मी सांगायला नको. आक्का गेल्यावर आई तुला चुकून 'चंदू' म्हणून हाक मारायची. पहिल्या वेळी तू माझ्याकडं बघितलंस, मी गप्प राहिलो, आणि तू 'ओ' दिलीस. मग लग्न होऊन जाईपर्यंत तू त्या हाकेला ओ देत राहिलीस, एकदाही दुरुस्त केलं नाहीस. तुझ्या पोरानं ती ओ द्यायला नको. माणूस मातीतून आला, माकडातून आला, की दुसऱ्या जगातून इथं टाकला गेला, ह्याचं उत्तर मला तीस वर्षांत देता आलं नाही. आता येणारं हे तुझ्यातून आणि वृषभरावांतून येतंय, एवढं मला पुरे आहे. तुम्ही दोघांनी नाव आत्ताच ठरवून ठेवा, मुलाचं एक, मुलीचं एक. मला कळवू नका. बाळ झालं की वृषभरावांना आईच्या फोनवर फोन करायला सांग, आणि त्यांनी दुसरं काही बोलायच्या आधी नाव सांगावं. मुलगा की मुलगी, वजन किती, रंग कसा, ते सगळं मागून. मी तिच्या शेजारीच बसलेला असेन.

तुझाच,
आप्पा